बांगडी घट्ट होते तेव्हा : कातडी कडक करणाऱ्या आजाराची ओळख



आजवर आपण रक्त कमी असणं, अंगावरून जाणं, साखर आणि रक्तदाब यांबद्दल बोललो. हे आजार घरोघरी असतात. आजचा आजार तसा नाही. तो फार थोड्यांना होतो. लाखभर माणसांत मोजकेच रुग्ण सापडतात. मग एवढ्या दुर्मिळ आजारावर रेडिओची पंधरा-वीस मिनिटं का द्यायची, असं तुम्ही विचाराल. त्याची कारणं दोन आहेत. पहिलं म्हणजे हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होतो, आणि तोही बहुतेक वेळा तिशी ते पन्नाशीच्या वयात, म्हणजे घर, शेत आणि गट या तिन्हींचा भार अंगावर असताना. दुसरं म्हणजे तो ओळखायला उशीर होतो. कुणी त्याला कोड म्हणतं, कुणी महारोग म्हणतं, कुणी वात म्हणतं आणि कुणी करणी म्हणतं. या चुकीच्या नावांपायी बाईची वर्षं जातात. कधी तिचा संसारही जातो.

या आजाराचं नाव स्क्लेरोडर्मा. ग्रीक भाषेत स्क्लेरोस म्हणजे कडक आणि डर्मा म्हणजे कातडी. साध्या मराठीत कातडी कडक होण्याचा आजार. डॉक्टर मंडळी त्याला सिस्टेमिक स्क्लेरोसिस असंही म्हणतात, कारण काही जणींमध्ये तो कातडीवर थांबत नाही, शरीराच्या आतही जातो.

सुरुवात बोटांपासून

बहुतेकींमध्ये पहिली खूण कातडीची नसते, थंडीची असते. आपल्याकडे पौष-माघात धुळे, साक्री, शिरपूरकडे कशी थंडी पडते ते तुम्हांला ठाऊक आहे. पहाटे हौदातल्या पाण्यात हात घातला, भांडी घासली, किंवा रात्रीची लाइट म्हणून गव्हाला पाणी भरायला उभं राहिलं, की बोटं बधिर होतात. ते सगळ्यांचंच होतं. पण या आजारात वेगळं काही घडतं. बोटं टोकापासून एकदम पांढरीफटक पडतात, जणू त्यांतलं रक्त कुणी काढून घेतलं. मग ती निळसर-काळपट होतात. ऊब मिळाली की लाल होतात, ठणकतात, मुंग्या येतात. सावळ्या हातावर हे रंग तितके उठून दिसत नाहीत. तेव्हा नखं आणि बोटांची टोकं नीट पाहावी लागतात.

पॅरिसचे डॉक्टर मॉरिस रेनॉ यांनी १८६२ साली हे पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं, म्हणून याला रेनॉचा त्रास म्हणतात. इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो, म्हणजे उगाच घाबरायला नको. बोटं पांढरी पडणाऱ्या बहुतेक बायकांना स्क्लेरोडर्मा नसतो. अनेक तरुण मुलींना नुसता रेनॉचा त्रास असतो आणि तो जन्मभर निरुपद्रवी राहतो. पण स्क्लेरोडर्मा झालेल्या दहांपैकी नऊ जणींहून अधिकांना हा त्रास असतोच, आणि तो कातडी कडक व्हायच्या आधी काही महिने किंवा काही वर्षं सुरू झालेला असतो. म्हणून तिशीनंतर नव्यानं सुरू झालेला, दोन्ही हातांना होणारा आणि बोटांच्या टोकांना जखमा करणारा त्रास असेल, तर तो डॉक्टरांना दाखवायचाच.

दुसरी खूण सुजेची. सकाळी उठल्यावर बोटं फुगलेली वाटतात. अंगठी निघत नाही. नेहमीच्या मापाची बांगडी हातात चढत नाही, जोडवी रुततात. आपण म्हणतो, वजन वाढलं असेल किंवा खारट खाल्लं असेल. पण ही सूज उतरत नाही. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ती कडक व्हायला लागते.

मग तिसरी खूण दिसते. बोटांची कातडी ताणलेली आणि चकचकीत होते, सुरकुत्या जातात. बोटाच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरायला जावं तर ती धरलीच जात नाही, कारण ती खालच्या भागाला चिकटल्यासारखी होते. बोटं हळूहळू आत वळतात. मूठ पूर्ण मिटत नाही आणि हात पूर्ण उघडत नाही. भाकरी थापताना तळहात परातीवर सपाट पडत नाही. नमस्कार करताना दोन्ही तळहात एकमेकांना पुरते टेकत नाहीत, मध्ये फट राहते.

चेहऱ्यावरही फरक पडतो. नाक टोकदार दिसतं, ओठ पातळ होतात आणि तोंडाभोवती उभ्या बारीक रेषा येतात. तोंड आधीसारखं मोठं उघडत नाही. घास लहान करावा लागतो, दात घासायला त्रास होतो. चेहरा ताणल्यामुळं बाई हसली तरी हसू दिसत नाही. मग घरचे म्हणतात, ही हल्ली रागावलेलीच असते.

रंगही बदलतो. काही ठिकाणी कातडी काळी पडते आणि त्या काळ्यात पांढरे बारीक ठिपके उठतात, जणू कुणी मीठ आणि मिरपूड एकत्र शिंपडलं आहे. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत ही खूण बऱ्याचदा दिसते, आणि गावात तिलाच कोड म्हटलं जातं. गालांवर, ओठांवर, तळहातांवर लाल बारीक टिपके येऊ शकतात. बोटांच्या कातडीखाली चुन्यासारखे पांढरे कण साठतात आणि कधी फुटून बाहेर येतात. बोटांच्या टोकांना लहान खड्डे पडतात किंवा लवकर न भरणाऱ्या जखमा होतात.

कातडीच्या आत काय घडतं

आता हे सगळं का होतं ते पाहू. त्यासाठी आपल्या कापसाकडेच जाऊ या.

आपली कातडी वरून एकच दिसते, पण तिचे थर असतात. सगळ्यांत वर पातळ थर, त्याखाली जाड मधला थर आणि त्याच्याही खाली चरबीचा मऊ थर. मधल्या थरात कोलॅजन नावाचे धागे असतात. निरोगी कातडीत हे धागे पिंजलेल्या कापसासारखे मोकळे असतात. त्यांच्यामध्ये जागा असते, आणि त्या जागेत केसांची मुळं, घामाच्या ग्रंथी आणि बारीक रक्तवाहिन्या सुखानं नांदतात. म्हणून कातडी ताणली जाते, दुमडते आणि पुन्हा जागेवर येते.

स्क्लेरोडर्मात हे धागे तयार करणाऱ्या पेशींना थांबायचं कळत नाही. त्या धागे बनवतच राहतात. मोकळ्या कापसाची जिनिंग-प्रेसिंगमध्ये दाबून गाठ बांधतात ना, तसंच कातडीचं होतं. धाग्यांचे जाड जुडगे एकमेकांना चिकटून, वरच्या थराला समांतर, गच्च बसतात. ते खालच्या चरबीच्या थरातही घुसतात. मधल्या जागा बुजतात. घामाच्या ग्रंथी त्यात दाबल्या जातात आणि आक्रसतात, केसांची मुळं मरतात. म्हणून अशा कातडीवर घाम कमी येतो आणि लव गळून जाते. वरचा थर मात्र जाड होत नाही, उलट पातळ आणि सपाट होतो. म्हणूनच कातडी चकाकते.

हे कातडीच्या तुकड्यात दिसतं. त्वचारोगाचे डॉक्टर कधी कधी सुन्न करण्याचं इंजेक्शन देऊन डाळीच्या दाण्याएवढा तुकडा काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्याला बायोप्सी म्हणतात. आजाराच्या सुरुवातीला त्यात बारीक रक्तवाहिन्यांभोवती संरक्षक पेशींची गर्दी दिसते. पुढं ही गर्दी ओसरते आणि गच्च धागे उरतात. बायोप्सी म्हणजे कर्करोगच, असा समज आपल्याकडे आहे. तो मनातून काढून टाका. या आजारात तर बहुतेक वेळा बायोप्सीची गरजही लागत नाही, हात पाहूनच डॉक्टरांना कळतं. शंका असेल तेव्हाच ती करतात.

धाग्यांच्या आधी बिघाड होतो तो रक्तवाहिन्यांत. हे समजायला ठिबकची नळी डोळ्यांसमोर आणा. नळीत आतून क्षार बसला की भोक बारीक होतं, आणि शेवटच्या केळीपर्यंत पाणी पोचत नाही. तसंच इथं बारीक रक्तवाहिन्यांची भिंत आतून जाड होते, वाट अरुंद होते. त्यात थंडी लागली की ती वाट आणखी आकसते. बोटांची टोकं म्हणजे नळीचं शेवटचं टोक. रक्त पोचत नाही म्हणून ती पांढरी पडतात आणि तिथल्या जखमा भरत नाहीत.

आणि या सगळ्याच्या मागं असते आपलीच संरक्षण व्यवस्था. रोगजंतूंशी लढायचं सोडून ती आपल्याच शरीराविरुद्ध उठते. राखणदारानं घरच्याच माणसांवर काठी उगारावी, तसं. ती अशी का उलटते, याचं एकच एक कारण डॉक्टरांना अजून सापडलेलं नाही. पण काही गोष्टी पक्क्या ठाऊक आहेत. हा आजार जंतूंचा नाही. शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं, एका अंथरुणात झोपल्यानं तो होत नाही. आईकडून लेकीकडे तो सरळ उतरत नाही. मागच्या जन्मीच्या पापाशी आणि कुणाच्या नजरेशी त्याचा काही संबंध नाही.

बाहेरच्या काही गोष्टी मात्र कारण ठरू शकतात. दगडाची बारीक धूळ ही त्यांतली एक. एडिंबरोच्या ब्रॅमवेल नावाच्या डॉक्टरांनी १९१४ साली पाथरवटांमध्ये हा आजार पाहिला. पुढं १९५७ साली दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणकामगारांतही तो जास्त आढळला. आपल्याकडे खडी क्रशरवर, दगडखाणीवर कामाला जाणाऱ्या बाया आहेत. त्यांनी नाका-तोंडाला नीट बांधून काम करावं, दगडावर पाणी मारून धूळ बसवायला मुकादमाला सांगावं. आपल्या फुप्फुसासाठीही ते गरजेचं आहे.

दुसरं उदाहरण स्पेन देशातलं. १९८१ साली तिथं कारखान्यासाठी मुद्दाम रसायन मिसळलेलं मोहरीवर्गातलं तेल खाण्याचं म्हणून सुटं विकलं गेलं. सुमारे २० हजार माणसं आजारी पडली, शेकडो दगावली, आणि वाचलेल्यांपैकी अनेकांची कातडी पुढं स्क्लेरोडर्मासारखी कडक झाली. त्यांत बायका जास्त होत्या. खात्री नसलेलं सुटं तेल स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, हे आम्ही गटात वारंवार सांगतो ते उगाच नाही.

कशाशी गल्लत होते

कोडात कातडीचा रंग जातो, पण कातडी मऊच राहते आणि चिमटीत धरता येते. स्क्लेरोडर्मात रंगाबरोबर कातडी कडकही होते.

कुष्ठरोगात चट्ट्याची जागा सुन्न पडते, तिथं कापसाचा बोळा फिरवला तरी कळत नाही. स्क्लेरोडर्मात स्पर्श कळतो. आणि कुष्ठरोग असला तरी घाबरायचं कारण नाही. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि माणूस पूर्ण बरा होतो. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून धरलं जायचं, ते २०१९ साली कायद्यातून काढून टाकलं आहे.

तोंड कमी उघडतं म्हटलं की गुटखा-सुपारीचा आजार आठवतो. तोही आपल्या भागात आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ सालापासून बंदी आहे, तरी पुड्या दिसतातच. त्या आजारात गालाच्या आतली बाजू पांढरट आणि ताठ होते, तिखट सोसत नाही. हातांची कातडी मात्र चांगली असते. तोंड आणि बोटं दोन्ही ताठली असतील तर स्क्लेरोडर्माचा विचार करायला हवा.

पुष्कळ वर्षं साखरेचा आजार असलेल्या काहींची मानेमागची आणि पाठीची कातडी जाड, लाकडासारखी होते. तो वेगळा आजार आहे. त्यात धाग्यांच्या मध्ये चिकट द्रव साठतो, आणि बोटं पांढरी पडत नाहीत.

लहान मुलांच्या अंगावर कधी एखादाच कडक, चकचकीत चट्टा येतो. त्याला मॉर्फिया म्हणतात. तो कातडीपुरताच असतो, बोटं पांढरी पडत नाहीत आणि आतल्या अवयवांना सहसा धक्का लागत नाही. पण सांध्यावर किंवा कपाळावर असेल तर वेळेत उपचार हवेत.

या आजाराच्या इतिहासातही अशी गल्लत आहे. १७५३ साली इटलीतल्या नेपल्स शहरात कार्लो कुर्झिओ नावाच्या डॉक्टरांनी १७ वर्षांच्या एका मुलीबद्दल लिहिलं. तिची कातडी लाकडासारखी झाली होती, तोंड उघडत नव्हतं. हीच स्क्लेरोडर्माची पहिली नोंद, असं पुष्कळ दिवस मानलं गेलं. पण ती मुलगी काही महिन्यांत बरी झाली. म्हणून आजचे काही डॉक्टर म्हणतात, तिला कदाचित दुसराच आजार असेल. मोठ्या डॉक्टरांनाही जिथं विचार करावा लागतो, तिथं पारावर बसून निदान करणाऱ्यांचं काय ऐकायचं?

आत गेला तर

या आजाराचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात कातडी हाताच्या कोपरापर्यंत, पायाच्या गुडघ्यापर्यंत आणि चेहऱ्यावर कडक होते. तो हळू चालतो, कित्येक वर्षं घेतो. दुसऱ्यात दंड, मांड्या, छाती आणि पोटाची कातडीही कडक होते. तो झपाट्यानं वाढतो, आणि पहिली चार-पाच वर्षं फार जपायची असतात.

दोन्हींमध्ये आतल्या खुणांवर लक्ष हवं. अन्ननलिका ढिली पडते. घास अडकतो, छातीत जळजळ होते, आंबट पाणी वर येतं. फुप्फुसात तसेच धागे साठले तर कोरडा खोकला येतो आणि डोक्यावर हंडा घेऊन चालताना धाप लागते. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढला तरी धाप लागते, पायांवर सूज येते.

सगळ्यांत घाईची गोष्ट मूत्रपिंडाची. अचानक रक्तदाब खूप वाढला, डोकं भयंकर दुखलं, डोळ्यांपुढं धूसर झालं, लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं. पूर्वी यात माणूस हाती लागत नसे. आता रक्तदाबाच्या एका विशिष्ट जातीच्या गोळ्या वेळेत सुरू केल्या तर पुष्कळ जण वाचतात. म्हणून हा आजार असलेल्या बाईनं, विशेषतः पहिल्या काही वर्षांत, उपकेंद्रात किंवा आशाताईकडे वारंवार रक्तदाब मोजून वहीत लिहून ठेवावा.

आणि एक सावधगिरी. अंगदुखीवर ताकदीचं इंजेक्शन म्हणून काही ठिकाणी स्टेरॉइड टोचलं जातं. चार दिवस बरं वाटतं. पण या आजारात जास्त मात्रेच्या स्टेरॉइडनं मूत्रपिंडाचा हाच धोका वाढतो. म्हणून कुठलंही इंजेक्शन घ्यायच्या आधी त्याचं नाव विचारा आणि चिठ्ठीवर लिहून मागा. मात्र तज्ज्ञांनी सुरू केलेली गोळी आपल्या मनानं एकदम बंद करू नका, त्यांना विचारूनच काय ते करा.

कुठं जायचं, काय तपासतात

आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग तिथून चिठ्ठी घेऊन धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय किंवा जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तिथं त्वचारोग विभाग किंवा मेडिसिन विभाग विचारा. या आजाराचे खास डॉक्टर म्हणजे संधिवाततज्ज्ञ. ते बहुधा मोठ्या शहरात भेटतात, पण पहिलं निदान आणि नियमित तपासणी जवळच होऊ शकते.

डॉक्टर शरीरावरच्या १७ ठिकाणची कातडी चिमटीत धरून पाहतात आणि प्रत्येक ठिकाणाला शून्य ते तीन गुण देतात. एकूण ५१ पैकी किती आले, त्यावरून आजार वाढतोय की उतरतोय ते कळतं. दोन्ही हातांच्या बोटांची कडक कातडी बोटांच्या मुळाचे सांधे ओलांडून मागं गेली असेल आणि दुसरं कारण नसेल, तर तेवढ्यावरही निदान होतं. नखाच्या मुळाशी भिंगातून बारीक रक्तवाहिन्या पाहतात. रक्तात एएनए आणि त्यापुढच्या तपासण्या करतात. छातीचा स्कॅन, श्वासाची तपासणी, हृदयाची सोनोग्राफी आणि लघवी पाहतात. जाताना आधार कार्ड आणि रेशन कार्ड न्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून काय मिळेल ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आजार मुळापासून जाईल असं औषध अजून नाही. हे खरं आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. कुणी पैसे घेऊन हमखास इलाज सांगत असेल तर सावध राहा. पण उपचार नाहीत असंही नाही. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्यांनी बोटं वाचतात. आम्लाच्या गोळ्यांनी अन्ननलिका जपली जाते. उलटलेल्या संरक्षण व्यवस्थेला आवर घालणारी औषधं फुप्फुस आणि कातडीसाठी देतात. त्या गोळ्यांवर असताना दिवस राहू देऊ नयेत. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं.

घरी काय करायचं

हातमोजे आणि पायमोजे घालाच, पण नुसते हात झाकून भागत नाही. अंग उबदार राहिलं तर बोटांना रक्त जातं. म्हणून स्वेटर आणि कानपट्टी हवी. थंड पाण्यात हात घालू नये, भांडी-धुण्याला कोमट पाणी घ्यावं. बोटं पांढरी पडली तर ती शेकोटीवर धरू नका, भाजतील. काखेत धरा किंवा कोमट पाण्यात ठेवा.

मिश्री, तंबाखू, बिडी पूर्ण बंद. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे आधीच बंद पडत आलेल्या नळीवर आपणच पाय देतो. घरात बिडी ओढणाऱ्यालाही बाहेर पाठवा.

अंघोळीनंतर ओलसर अंगावर खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा. कापूस वेचताना बोंडाची सुकलेली टोकं बोटांना टोचतात, तेव्हा सुती हातमोजे घाला. जखमेवर राख, चुना, तंबाखू लावू नका. बोटाचं टोक काळं पडलं तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

रोज सकाळ-संध्याकाळ मूठ मिटणं-उघडणं, तळहात जोडून दाबणं, तोंड मोठं उघडून 'आ' करणं, गाल फुगवणं. हे व्यायाम औषधाइतकेच गरजेचे आहेत. जेवण थोडं थोडं, दिवसातून अनेकदा. रात्रीचं जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवा, म्हणजे आंबट पाणी वर येणार नाही. कडक कातडीला घाम कमी येतो, म्हणून आपल्या वैशाखाच्या उन्हात दुपारी शेतात जाऊ नये.

गटानं काय करायचं

मैत्रिणींनो, आम्ही समन्वयक म्हणून गावोगाव फिरतो तेव्हा एक गोष्ट दिसते. बाईचे हात चालेनासे झाले की तिची किंमत कमी होते. ती मजुरीला जात नाही, बचत थकते, मग ती बैठकीला यायची बंद होते. आजारापेक्षा हे एकटेपण जास्त मारतं.

म्हणून पहिलं काम, तिला सतरंजीवर आपल्या शेजारी बसवा आणि तिच्या हातचा चहा प्या. हे सगळ्या गावानं पाहू द्या. दुसरं, बचत थकली तर हप्त्याची मुदत ठरावानं वाढवून द्या आणि तो ठराव इतिवृत्तात लिहा. दवाखान्यासाठी गटातून अंतर्गत कर्ज द्या. तिसरं, काम बदलून द्या. बिबडे, पापड लाटणं जमत नसेल तर हिशेब, विक्री, फोनवरच्या ऑर्डरी तिच्याकडे द्या. चौथं, बोटांची कातडी बदलली की रेशन दुकानात आणि बँकेत थंब लागत नाही. तिला हाकलून देऊ नका म्हणून सांगा. मोबाइलवरचा ओटीपी, डोळ्यांची ओळख असे दुसरे मार्ग आहेत का, ते तिच्यासोबत जाऊन विचारा. पाचवं, दवाखान्यात तिच्याबरोबर एक जण जा, कागद एका पिशवीत सांभाळा. कुणी तिला करणीच्या नावानं मारझोड केली किंवा कुणाला चेटकीण ठरवलं, तर महाराष्ट्रात २०१३ सालापासून त्याविरुद्ध कायदा आहे. पोलीस पाटलाला सांगा आणि ठाण्यात जा.

पाउल क्ले नावाचे एक नावाजलेले चित्रकार होते. १९३५ साली ते आजारी पडले. त्यांची कातडी ताठली, गिळणं अवघड झालं. ते जिवंत असताना आजाराला नाव मिळालं नाही. तो स्क्लेरोडर्मा असावा, हे डॉक्टरांनी फार नंतर सांगितलं. १९३६ साली त्यांच्या हातून जेमतेम २५ चित्रं झाली. पण त्यांनी काम सोडलं नाही, आणि १९३९ या एका वर्षात बाराशेहून जास्त चित्रं काढली. २९ जून १९४० रोजी ते वारले. जगभर २९ जून हा स्क्लेरोडर्मा दिवस म्हणून पाळतात तो त्यांच्या आठवणीनं.

क्लेंना नाव कळलं नाही. आपल्या गटातल्या बाईला ते कळू शकतं. पुढच्या बैठकीत बचतीची वही उघडण्याआधी पाच मिनिटं काढा आणि एकमेकींचे हात हातात घेऊन बघा. बोटाच्या पाठीवरची कातडी चिमटीत येते का? तळहात पूर्ण जुळतात का? थंडीत बोटं पांढरी पडतात का? बांगडी कधीपासून घट्ट झाली? बहुतेकींचे हात चांगलेच निघतील, आणि थोडी हसण्याची सोय होईल. एखादीचे निघाले नाहीत, तर तिला घेऊन दवाखान्यात कोण जाणार, ते नाव त्याच बैठकीत लिहा.

पुन्हा भेटू. नमस्कार.